डोळ्यांच्या कामात पैसा नेमका कुठे अडतो?

लायन्स असो की रोटरी, क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. नवे अध्यक्ष पदग्रहण करतात, पहिल्या बैठकीत उपक्रमांची यादी निघते आणि वृक्षारोपण, रक्तदान यांच्याबरोबर त्यात नेत्रशिबिर असतंच. ३० जून १९२५ रोजी ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या अधिवेशनात हेलन केलर यांनी लायन्सना अंधांसाठी उभं राहण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून डोळे हे लायन्सचं घरचं कार्य झालं. रोटरीही त्यात मागे नाही. नांदेड-लातूरकडे तर अशी शिबिरं बघतच एक पिढी मोठी झाली आहे. मोतीबिंदूला मात्र अध्यक्ष कोण आणि वर्ष कुणाचं याच्याशी काही देणंघेणं नसतं. आपला पैसा बारा महिन्यांच्या मापाने येतो आणि जातो, पेशंटचा डोळा त्या मापात बसत नाही. क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी पैसा कुठून आणावा आणि कशावर लावावा, हे ठरवताना ही एक गोष्ट समोर ठेवली तरी निम्मे निर्णय बदलतात.

आधी आजार बघू. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूचं होतं. हे टाळता येणारं अंधत्व आहे. अर्ध्या तासापेक्षाही कमी वेळाची शस्त्रक्रिया, एक भिंग आणि पुढची काळजी एवढ्याने ते जातं. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा क्लबच्या बैठकीत सहसा कुणी वाचून दाखवत नाही: ७.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या किंवा त्यानंतरच्या गुंतागुंतीमुळे आलेलं होतं. म्हणजे ऑपरेशन झालं, फोटो निघाले, हिरवी पट्टी लागली, आणि तरी डोळा गेला. ‘यंदा इतकी ऑपरेशनं केली’ हा अहवाल म्हणूनच अर्धा अहवाल असतो.

आता पैसा. मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियेसाठी सरकार पैसे देतं, हे अनेक नव्या सदस्यांना माहीत नसतं. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, आणि त्याखाली मान्यताप्राप्त स्वयंसेवी नेत्ररुग्णालयाला दर शस्त्रक्रियेमागे २,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. शाळकरी मुलांच्या चष्म्यासाठी ३५० रुपये आहेत. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू वर्षाचा दर आणि अटी जिल्हा रुग्णालयातल्या अंधत्व नियंत्रणाच्या कक्षात जाऊन विचारून घ्या. तिथे जाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे कोणत्या तालुक्यातून पेशंट येतच नाहीत, हे तुम्हाला एका चहाच्या वेळात कळतं.

रुग्णालयंही आहेत. लातूर जिल्ह्यात उदगीरला उदयगिरी लायन्स नेत्र रुग्णालय आहे, जालन्याला बारवाले परिवाराच्या पुढाकारातून उभं राहिलेलं श्री गणपती नेत्रालय आहे, नांदेड आणि लातूर दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धर्माबाद-भोकरकडच्या लोकांना तेलंगणातलं मुधोळ काही परकं नाही, आणि तिथे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेचं केंद्र आहे. सर्जन आहे, टेबल आहे, सरकारी अनुदान आहे. मग क्लबने वेगळं काय द्यायचं?

रुग्णालयाबरोबर बसून एका पेशंटचा हिशेब मांडा. समजा, त्यांनी सांगितलं की भिंग, औषधं, टाके, कर्मचारी, वीज सगळं धरून एका शस्त्रक्रियेला ५,००० रुपये पडतात. त्यातले २,००० सरकारकडून येणार आणि १,००० रुग्णालय आपल्या पैसे देणाऱ्या पेशंटच्या उत्पन्नातून भरणार. तूट उरली २,००० रुपयांची. आता त्याच पेशंटला गावातून आणायचं, परत सोडायचं, आठवड्याने आणि मग महिना-दीड महिन्याने तपासायचं. चाळीस जणांच्या बसला एका फेरीचे १२,००० रुपये धरले, तर माणशी ३०० रुपये. पण फेरतपासणीच्या बसमध्ये निम्मीच माणसं येतात, म्हणून तिथे माणशी ६०० होतात. शिवाय जेवण, सोबत्याची मजुरी, शेवटचा चष्मा. आकडे कल्पित आहेत, तुमचे तुम्ही भरा. पण कागदावर मांडल्यावर प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसते: ऑपरेशनच्या टेबलावर पैसा देणारे दोन-तीन जण आहेत, आणि टेबलाच्या अलीकडच्या-पलीकडच्या खर्चाला वाली नाही.

क्लबने तो खर्च उचलावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने याच वाटणीवर आपलं काम वाढवलं. गावोगावच्या लायन्स-रोटरी क्लबांनी आणि इतर संस्थांनी जागा, प्रचार, वाहतूक, जेवण बघायचं, आणि वैद्यकीय निर्णयात नाक खुपसायचं नाही. डॉक्टरांनी डॉक्टरांचं काम करायचं.

किनवटचं उदाहरण घ्या. नांदेडपासून सव्वाशे किलोमीटरांच्या पुढे, आणि माहूर त्याच्याही पलीकडे. तिथल्या एखाद्या तांड्यावरच्या सत्तरीच्या बाईला दोन्ही डोळ्यांत जाळं आलेलं असतं. ती एकटी निघू शकत नाही. मुलगा ऊसतोडीला, सून रोजंदारीवर. सोबत यायचं म्हणजे सुनेचे दोन दिवस बुडणार. ‘मोफत शस्त्रक्रिया’ हे शब्द तिच्या दृष्टीने खरे नसतात, कारण दोन दिवसांची मजुरी ही तिच्या घरात मोठी रक्कम आहे. सोबत्याला दोन दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम हातात द्या. पेशंटच्या याद्यांमधल्या बायकांची संख्या त्याने वाढते. व्यासपीठावरून कितीही आवाहनं केली तरी एवढा फरक पडत नाही.

प्रवासाची सवलतही हिशेबात धरा. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि २०२३ च्या मार्चपासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे फेरतपासणीला आजीचं तिकीट लागत नाही आणि सुनेचं निम्मं लागतं. तिथे अख्खी बस ठरवण्यात पैसे का घालवायचे? मुदखेड-आदिलाबाद मार्गावरच्या गाडीची वेळ जुळत असेल तर किनवट, हिमायतनगर, भोकर हे तिन्ही तालुके रेल्वेनेही जोडता येतात. मुधोळला जाणाऱ्यांना मात्र एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच मिळते, तो फरक क्लबने भरावा. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फेरतपासणी तालुक्यालाच ठेवणं. चाळीस म्हाताऱ्या माणसांना नांदेडला नेण्यापेक्षा एक नेत्रतपासनीस किनवटला नेणं केव्हाही परवडतं.

शिबिराची तारीख पंचांग आणि पाहुण्यांची सोय बघून ठरते, ती पिकाकडेही बघून ठरवा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते, तेव्हा घरातला कुणीही म्हाताऱ्या माणसामागे धावणार नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कित्येक वस्त्यांवर फक्त म्हातारी माणसं आणि लहान पोरं उरतात. पेशंट घरी आहे, पण आणायला कुणी नाही. म्हणून अशा गावांत मार्च-एप्रिलमध्ये, टोळ्या परतल्यावर, दुसरी फेरी ठेवावी लागते. ‘उन्हाळ्यात ऑपरेशन करू नये’ आणि ‘मोतीबिंदू पिकू द्यावा’ या दोन्ही जुन्या समजुती आहेत. आजच्या भिंगाच्या शस्त्रक्रियेला ऋतू लागत नाही, आणि फार पिकलेला मोतीबिंदू काढायला उलट अवघड जातो. आशाताईंना हे नीट समजावून सांगायला अर्धा दिवस आणि त्यांचा प्रवासभत्ता एवढाच खर्च येतो.

जरा मोठा, तीन वर्षांचा प्रकल्प हाती घेण्याची ताकद असेल तर शिबिरांऐवजी दृष्टी केंद्राचा विचार करा. साधारण ५०,००० लोकसंख्येला एक केंद्र, हे माप देशभर मानलं जातं. दोन खोल्या, चष्म्याचा नंबर काढायची पेटी, स्लिट लॅम्प, डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र, आणि मुख्य म्हणजे रोज तिथे बसणारा प्रशिक्षित नेत्रतपासनीस. मूळ रुग्णालयातला डॉक्टर मोबाइलवर किंवा संगणकावर पेशंट बघतो. दाते यंत्राला लगेच तयार होतात, कारण यंत्रावर नावाची पाटी लावता येते. पगाराला पाटी लावता येत नाही. पण केंद्र बंद पडतं ते पगाराअभावी. यंत्रं नंतर प्लॅस्टिकच्या कव्हराखाली नीट राहतात, एवढंच.

म्हणून पगाराचे पैसे आधी बाजूला काढा. पहिल्या वर्षी तूट पूर्ण भरा, दुसऱ्या वर्षी साठेक टक्के, तिसऱ्या वर्षी तीस. तोवर चष्म्यांच्या विक्रीतून आणि नाममात्र तपासणी शुल्कातून केंद्राने आपल्या पायावर उभं राहायला हवं. ते होणार नाही असं दिसलं तर जागा चुकली असं समजा. केंद्र काढण्यापूर्वी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सरकारी नेत्र चिकित्सा अधिकारी आहे का, तो किती दिवस बसतो, हे बघा. असेल तर त्याच्या शेजारी दुसरं दुकान थाटू नका. त्याच्याकडे नसलेलं यंत्र द्या. देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ यांसारखे लहान तालुके किंवा माहूर, इथली गरज शहरातल्या पाचव्या मोफत शिबिरापेक्षा नक्कीच मोठी आहे.

काही कामं इतकी स्वस्त आहेत की त्यांना ‘प्रकल्प’ म्हणायला क्लबला संकोच वाटतो. चाळिशीचा चष्मा हे त्यातलं पहिलं. आसामातल्या चहामळ्यांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळचं दिसणारा साधा चष्मा दिल्यावर पानं खुडणाऱ्या कामगारांचं काम सुमारे २२ टक्क्यांनी वाढलं. आपल्याकडे डाळ निवडणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, बचत गटात पापड लाटणाऱ्या बायका आहेत. लातूरच्या डाळमिलमालकांना स्वतःच्याच कामगारांसाठी हा खर्च पटवायला फार वक्तृत्व लागू नये.

दुसरं काम शेतातल्या जखमेचं. ऊस तोडताना पात डोळ्यावर फटकन बसते, मळणीच्या वेळी काड किंवा फोलपट उडतं, बुबुळावर ओरखडा येतो. माणूस डोळ्यात दूध घालतो, कुणी जिभेने कण काढतो, कुणी दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणतो. चार दिवसांनी पांढरा डाग, आणि मग कायमचं फूल पडतं. नेपाळमध्ये भक्तपूर इथे गावातल्या स्वयंसेवकांनी अशा ओरखड्यांवर वेळेत अँटिबायोटिक मलम लावलं. ४४२ पैकी ४२४ डोळे जंतुसंसर्गाशिवाय बरे झाले, आणि ज्यांना १८ तासांच्या आत मलम मिळालं त्यांच्यापैकी कुणालाही व्रण झाला नाही. मलम कोणतं, कधी द्यायचं आणि कधी लगेच पुढे पाठवायचं, हे तुमच्या नेत्रतज्ज्ञाने आणि आरोग्य विभागाने ठरवायचं. मलम, प्रशिक्षण आणि आशांचा भत्ता एवढाच क्लबचा खर्च. पदग्रहण समारंभातल्या शाली, स्मृतिचिन्हं आणि हारांच्या खर्चात एका तालुक्याचं वर्षभराचं मलम बसेल, असा माझा अंदाज आहे. (शालींवर माझा राग नाही, पण एकेका माणसाच्या कपाटात किती शाली असाव्यात?)

तिसरं काम नवजात बाळांचं. वेळेआधी जन्मलेल्या काही बाळांच्या डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर काही आठवड्यांत पडदा सुटू शकतो. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायला हवा. नांदेड-लातूरमध्ये अतिदक्षता विभाग असलेली बालरुग्णालयं वाढली आहेत, म्हणजे पूर्वी न वाचणारी बाळं आता वाचतात. त्यांचे डोळे बघणारा तज्ज्ञ आठवड्यातून एकदा या रुग्णालयांत फिरावा, याचा खर्च क्लबने उचलावा. इथे एका बाळाचा डोळा वाचवणं म्हणजे साठ-सत्तर वर्षांची दृष्टी वाचवणं आहे.

शाळांतली तपासणी बहुतेकांना माहीत आहे, त्यावर फार लिहीत नाही. एवढंच, की मुलाने स्वतः निवडलेली फ्रेम तो घालतो आणि आपण एकगठ्ठा आणलेली काळी फ्रेम दप्तरात राहते. तीन महिन्यांनी शाळेत जाऊन किती मुलं चष्मा घालून बसली आहेत ते मोजा. लातूर पॅटर्नच्या शिकवणी वर्गांना हे काम देता येईल. बाहेरगावची हजारो मुलं तिथे दिवसभर फळ्याकडे बघत असतात, आणि वर्गचालकांना हा खर्च जड नाही.

पैसा उभा करताना घरातून सुरुवात करा. आडत बाजार, डॉक्टरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटना, सहकारी साखर कारखाने, पतसंस्था यांच्याकडे ‘शिबिराला मदत द्या’ म्हणून जाऊ नका. ‘किनवटच्या पाच गावांचा वर्षाचा फेरतपासणीचा खर्च’ असं ठरावीक काम सांगा. वर्षश्राद्ध आणि एकसष्टी हे आपल्याकडचे भरवशाचे प्रसंग आहेत. आईच्या नावाने दहा जणांचे डोळे, ही कल्पना मराठवाड्यातल्या माणसाला लगेच भिडते. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने मोतीबिंदूच्या कामासाठी घराघरांत माहीत आहेत, २००८ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. डोळ्यांसाठी हात पसरायला या भागात फार प्रस्तावना लागत नाही.

बाहेरच्या निधीला वेळ आणि कागद लागतात. लायन्सचा साइटफर्स्ट कार्यक्रम १९९० पासून चालू आहे. लायन्स आंतरराष्ट्रीय फाउंडेशनच्या त्या निधीतून नेत्ररुग्णालयाची यंत्रं, विस्तार, प्रशिक्षण यांना प्राधान्य मिळतं. एखाद्या शिबिराच्या जेवणाचा खर्च तिथे मागू नका. रोटरीच्या ग्लोबल ग्रँटला प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा, म्हणजे पंचवीस लाखांच्या घरातला लागतो. दुसऱ्या देशातला भागीदार क्लब लागतो, आणि अर्जाआधी गरजेचा अभ्यास केल्याचं दाखवावं लागतं. रोटरी जिल्ह्याच्या (डिस्ट्रिक्टच्या) निधीतून टाकलेल्या रकमेवर रोटरी फाउंडेशन ८० टक्के भर घालतं. अर्जापासून पैसे येईपर्यंत एखाद्या अध्यक्षांचं वर्ष सहज संपतं. म्हणून अर्ज करताना आजचे, पुढचे आणि त्यापुढचे अशा तिन्ही अध्यक्षांच्या सह्या संमतिपत्रावर घ्या.

कंपन्यांच्या सीएसआरसाठी, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी, २०२१ पासून संस्थेची सीएसआर-१ नोंदणी सक्तीची आहे, आणि त्यासाठी प्राप्तिकराचे १२ए आणि ८०जी हवेत. बहुतेक क्लबांकडे हे नसतं. धर्मादाय कार्यालयात नोंदवलेला क्लबचा स्वतंत्र ट्रस्ट असेल तर बरं, नाहीतर पैसा थेट नेत्ररुग्णालयाच्या ट्रस्टकडे जाऊ द्या आणि क्लबने देखरेख करावी. ८०जीत रोख देणगी २,००० रुपयांपर्यंतच चालते. दरवर्षी ३१ मेपर्यंत देणगीदारांचं विवरण भरावं लागतं, हे काम कोषाध्यक्षांच्या कपाळी लिहून ठेवा. परदेशातल्या नातेवाइकाने परदेशी नागरिक म्हणून पैसे पाठवायचे म्हटले तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यावा लागतो आणि पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

सरकारी अनुदान काम झाल्यावर, कागद तपासून मिळतं. तोवर लहान रुग्णालयाचा हात अडकतो. क्लबने चार-पाच लाखांचा फिरता निधी ठेवावा: शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्णालयाला उचल द्यायची, अनुदान आलं की ती परत घ्यायची. तोच पैसा वर्षात दोन-तीनदा फिरतो. मात्र एकाच शस्त्रक्रियेचे पैसे सरकार, कंपनी आणि क्लब अशा तिघांकडून घेतले जाणार नाहीत, हे रुग्णालयाबरोबरच्या करारात लिहा. पेशंटच्या यादीत ‘हा खर्च कुणी भरला’ असा एक रकाना ठेवला की भांडण मिटतं.

शाळेत, मंगल कार्यालयात, समाजमंदिरात शस्त्रक्रिया होता कामा नये. तिथे फक्त तपासणी. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये मध्य प्रदेशातल्या बडवानीच्या जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रियांनंतर चाळीसहून अधिक लोकांची दृष्टी गेली. तिथे तर इमारत रुग्णालयाचीच होती. तेव्हा रुग्णालय निवडताना निर्जंतुकीकरणाची व्यवस्था कशी आहे, एका दिवसात एक सर्जन किती शस्त्रक्रिया करतो, जंतुसंसर्ग झाल्यास त्या रात्री पेशंट कुठे न्यायचा आणि खर्च कुणाचा, हे विचारायला लाजू नका. जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं आहे की शस्त्रक्रियेनंतर किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ किंवा त्याहून चांगली दृष्टी यावी आणि वाईट निकाल ५ टक्क्यांच्या आत राहावेत. चांगलं रुग्णालय हे आकडे ठेवतं आणि दाखवतं.

करारात देयकाची विभागणी अशी करा: शस्त्रक्रियेनंतर ७० टक्के, आणि उरलेले ३० टक्के सहाव्या आठवड्याची दृष्टी नोंदवून चष्मा दिल्यावर. पेशंट आलाच नाही तर क्लबच्या माणसाने फोन करायचा, मग घरी जायचं. त्यासाठी यादीत पेशंटच्या नावाशेजारी दोन मोबाइल नंबर घ्या. एक घरातला आणि एक शेजाऱ्याचा किंवा किराणा दुकानदाराचा, कारण घरातला नंबर ऊसतोडीला गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. दुसऱ्या डोळ्याची तारीखही त्याच भेटीत द्या, आणि ती तारीख पुढच्या अध्यक्षांच्या वर्षात येत असेल तर त्या खर्चाची तरतूद जूनच्या बैठकीतच मंजूर करून घ्या.